'नेट गेलंय' म्हणणाऱ्याचे काय करायचे?

१२ ऑक्टोबर २०२०च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातली वीज एकदम गेली. कळवा-पडघा पट्ट्यातल्या पारेषण यंत्रणेतला बिघाड त्याला कारण ठरला. लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि करोनामुळे घरून चाललेले ऐरोली, महापे, बेलापूरच्या कंपन्यांचे कामही थांबले. त्या दिवशी 'लाईट नाही' हे सिद्ध करण्याची कुणावर वेळ नव्हती, कारण बातम्याच साक्षीला होत्या. पंचाईत होते ती एरवीच्या दिवशी. ग्राहकाबरोबरची बैठक सुरू व्हायला पाच मिनिटे असताना खारघरहून निरोप येतो, 'नेट गेलंय.' शेजारच्या सेक्टरमधल्या सहकाऱ्याचे नेट मात्र व्यवस्थित चालू असते. निरोप खरा असू शकतो; त्या इमारतीत वेगळ्या पुरवठादाराची केबल असेल, किंवा रस्ता खोदताना नेमकी तीच तुटली असेल. निरोप खोटाही असू शकतो. त्या क्षणी टीम लीडला खरे-खोटे करता येत नाही, आणि हे निरोप पाठवणाऱ्यालाही ठाऊक असते.

हा लेख अशा टीम लीडसाठी आणि छोट्या कार्यालयांच्या मालकांसाठी आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये दूरसंचार विभागाने बीपीओ कंपन्यांवरचे निर्बंध सैल केले, तेव्हापासून घरून कॉल घेणे सोपे झाले. आज वाशीतली हिशेबनिसांची कार्यालये, न्हावा-शेवा बंदराच्या जिवावर चालणाऱ्या क्लिअरिंग-फॉरवर्डिंग फर्म आणि मिलेनियम बिझनेस पार्कमधल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्या, अशा अनेक ठिकाणी दहा-वीस माणसांच्या टीममधले काही जण आठवड्यातले काही दिवस घरून काम करतात. तिथे खोट्या बिघाडाचा प्रश्न उद्भवला की दोन टोकाचे उपाय सुचतात. एक, प्रत्येकाच्या संगणकावर पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर बसवायचे. दुसरा, सगळ्यांना कार्यालयात परत बोलवायचे. माझे म्हणणे असे, की हे दोन्ही उपाय मूळ दुखण्याला हात लावत नाहीत. खोटा बिघाड फोफावतो तो खऱ्या बिघाडाची नोंद ठेवण्याची रीतच नसते तिथे, आणि खरी अडचण उघड सांगण्याची सोय नसते तिथे. या दोन गोष्टी आधी ठरवा. पाळतीची गरज फारच थोड्या ठिकाणी उरेल.

घर दोषी नाही, कामाची मांडणी दोषी

घरून काम करणारे कामचुकार असतात की नाही, यावर तावातावाने बोलले जाते. मोजमापाने केलेले अभ्यास मात्र दोन्ही बाजूंची उत्तरे देतात. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी पर्यटन कंपनीच्या कॉल सेंटरवर केलेला प्रयोग २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी तिथे १३ टक्क्यांनी वाढली. त्यातला मोठा वाटा विश्रांतीच्या आणि आजारपणाच्या सुट्ट्या कमी झाल्याचा होता. याउलट डेव्हिड अ‍ॅटकिन, अँटोनेट शोअर आणि सुमित शिंदे यांनी चेन्नईत डेटा एंट्रीच्या कामावर प्रयोग केला. कोण घरून आणि कोण कार्यालयातून काम करणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले गेले. घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी भरली. त्यातली बरीचशी घट पहिल्याच दिवसापासून दिसत होती. उरलेली घट कार्यालयातले लोक काम लवकर शिकत गेल्यामुळे वाढत गेली.

दोन अभ्यास एकमेकांना खोटे पाडतात असे वरवर वाटेल, पण परिस्थिती पाहिली की विसंगती राहत नाही. सीट्रिपमधले लोक स्वतःहून तयार झाले होते, त्यांना घरी स्वतंत्र खोली आणि चांगले नेट असण्याची अट होती, कामाची साधने कार्यालयासारखीच होती आणि आठवड्यातला एक दिवस त्यांना कार्यालयात यावेच लागे. शिवाय त्यांचे काम कॉलमागे कॉल मोजले जात होते. म्हणजे जागा, साधने आणि मोजमाप या तिन्ही गोष्टींची सोय आधीच लावलेली होती. आपल्याकडे घणसोलीच्या वन बीएचकेमध्ये चार माणसे, एकाच राउटरवर मुलाचा ऑनलाईन क्लास आणि आईचा लॅपटॉप, असे चित्र असेल तर चीनमधल्या १३ टक्क्यांचा दाखला देऊन उपयोग नाही. त्याच वेळी चेन्नईच्या १८ टक्क्यांवरून 'घरी बसलेला माणूस झोपाच काढतो' असाही निष्कर्ष निघत नाही. कामाची घट आणि कामाची चोरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत.

चोरीबद्दल अधिक नेमके सांगणारा एक जुना प्रयोग आहे. डॅनियल नेगिन आणि सहकाऱ्यांनी तो एका कंपनीच्या १६ कॉल सेंटरांत केला आणि २००२मध्ये प्रसिद्ध केला. तिथे कर्मचारी फोनवरून देणग्या मिळवत आणि देणगीदाराने दिलेल्या होकारानुसार त्यांना मोबदला मिळे. न मिळालेला होकार मिळाल्याचे दाखवण्याचा मोह त्यात होता, म्हणून कंपनी काही देणगीदारांना उलट फोन करून खात्री करत असे. कर्मचाऱ्यांच्या नकळत ही पडताळणी कमी झाल्यासारखी परिस्थिती निर्माण केली गेली. खोटे पकडले जाण्याची शक्यता घटली हे ध्यानात येताच काहींनी लबाडी वाढवली, पण बऱ्याच जणांनी वाढवली नाही. लबाडी वाढवणाऱ्यांत कंपनी आपल्याशी न्यायाने वागत नाही असे वाटणाऱ्यांचा भरणा अधिक होता. लक्षात घ्या, हे सगळे लोक कार्यालयातच बसून काम करत होते.

या प्रयोगातून कुठल्याही टीमचे एक ढोबळ चित्र उभे राहते. काही जण कुणी बघो वा न बघो, खोटे बोलणार नाहीत. एखाद-दुसरा काहीही केले तरी पळवाट शोधेल. मधला मोठा गट परिस्थिती पाहून वागतो: खोटे सोपे असेल, त्याची किंमत द्यावी लागत नसेल आणि वर मनात कंपनीबद्दल राग असेल, तर तोही 'नेट गेलंय' म्हणेल. आपले नियम या मधल्या गटासाठी हवेत. पहिल्या गटाचा अपमान होणार नाही आणि तिसऱ्या गटाला आडोसा मिळणार नाही, एवढी काळजी त्यात घेतली की पुरे.

बिघाड होण्याआधी काय ठरवावे

पहिली गोष्ट म्हणजे कळवण्याची रीत. बिघाड झाल्यापासून पंधरा मिनिटांत तो कळवायचा; नेट नसेल तर फोन किंवा साधा एसएमएस करायचा. निरोपात चारच गोष्टी हव्यात: काय बंद पडले, केव्हापासून, तक्रार कुठे नोंदवली, आणि तोवर कोणते काम हातात घेतो आहे. लॅपटॉप, व्हीपीएन किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरची अडचण असेल तर हेल्पडेस्कला तिकीट टाकायचे. नेटची असेल तर पुरवठादाराकडचा तक्रार क्रमांक. विजेची असेल तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि ग्राहक क्रमांकाशी मोबाईल जोडलेला असेल तर वीज बंद राहणार असल्याचे एसएमएसही येतात. हे नियम सगळ्यांना सारखे लावा, टीम लीडलाही. ज्याचा बिघाड खरा आहे त्याला तक्रार नोंदवायचीच असते, त्यामुळे या रीतीचा त्याला त्रास होत नाही. खोटे बोलणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी एक खोटी तक्रार उभी करावी लागते, आणि तिकीट टाकले की आयटीचा माणूस 'स्क्रीन दाखवा' म्हणून लाईनवर येतो. एका वाक्याचे खोटे फुकट असते. चार पायऱ्यांच्या खोट्याला मेहनत पडते. बरेच जण त्या मेहनतीपेक्षा काम करणे पसंत करतात.

दुसरी गोष्ट, पर्यायी वाट. 'नेट गेले' म्हणजे 'काम गेले' हे समीकरण मोडायला हवे. नुसत्या आवाजाच्या कॉलला सेकंदाला साधारण ६० ते १०० किलोबिट वेग पुरतो. तासभर बोलले तरी शंभर एमबीच्या आसपासच डेटा लागतो, म्हणजे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बैठक सहज निभते. कॅमेरा बंद ठेवायला परवानगी आहे हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे 'व्हिडिओ अडकतोय' हे बैठकीतून निघून जाण्याचे कारण राहत नाही. राउटर चालवण्यापुरता मिनी यूपीएस हजार-दोन हजार रुपयांत मिळतो आणि दोन-तीन तास निभावून नेतो. त्याची मर्यादाही ओळखा: फायबर असेल तर भिंतीवरच्या मोडेमलाही तोच आधार द्यावा लागतो, आणि सोसायटीच्या जिन्यातला किंवा गच्चीवरचा केबलवाल्याचा स्विच विजेअभावी बंद पडला तर घरातल्या यूपीएसचा काही उपयोग नसतो. म्हणून दुसऱ्या कंपनीचे मोबाईल सिम हाताशी असणे अधिक खात्रीचे. याशिवाय नेटविना करता येईल असे काम प्रत्येकाच्या यादीत असावे: टिपणे लिहिणे, उतरवून ठेवलेली कागदपत्रे तपासणे, पुढच्या आठवड्याचे नियोजन. बिघाड दोन तासांपेक्षा लांबला आणि कार्यालय जवळ असेल, तर तिथे जाऊन बसण्याची मुभा आणि रिकामी खुर्ची दोन्ही असावीत.

यावर कर्मचाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे: यूपीएस, दुसरे सिम, जादा डेटा, हा खर्च आम्ही का करायचा? करू नये. कार्यालयातल्या जनरेटरचे बिल कर्मचारी भरत नाहीत, तसे घरातल्या पर्यायी सोयीचेही भरू नये. वीस माणसांच्या टीमला मिनी यूपीएस द्यायला चाळीस हजारांच्या आत खर्च येतो. एवढा खर्च न करता नेटबद्दल रोज संशय घेत राहणारी कंपनी स्वतःच बिघाडाला कारण पुरवते. आणि एकदा सोय दिली, की 'लाईट गेली म्हणून चार तास काहीच करता आले नाही' हे वाक्य विचारण्याजोगे होते. खर्चाची जबाबदारी कंपनीने घेतली म्हणजेच उत्तर मागण्याचा अधिकार तिला येतो.

तिसरी गोष्ट, वेळेचा हिशेब. कंपनीच्या लॅपटॉपचा, सर्व्हरचा किंवा व्हीपीएनचा बिघाड असेल तर तो वेळ कंपनीचा. त्याची भरपाई कर्मचाऱ्याकडून मागू नये. घरच्या विजेचा किंवा नेटचा असेल तर महिन्याला ठरावीक तास, समजा चार, विनाप्रश्न मान्य करावेत. त्यापुढचा वेळ आठवडाभरात भरून काढावा किंवा अर्ध्या दिवसाची रजा टाकावी. पावसाळ्यात, विशेषतः जून ते सप्टेंबर, ही मर्यादा वाढवायला हरकत नाही. चक्रीवादळासारख्या दिवशी, जसे ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले किंवा १७ मे २०२१ला तौक्ते मुंबईजवळून गेले, सगळेच नियम बाजूला ठेवावेत. आकडे प्रत्येक टीमने आपापले ठरवावेत. ते आधी लिहून सगळ्यांना दिलेले असणे महत्त्वाचे.

चौथी गोष्ट सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित आहे. महिन्यातून दोन-तीन तास कारण न विचारता मिळणारी सुट्टी द्या. 'नेट गेलंय' या निरोपामागे पुष्कळदा नेटचा संबंधच नसतो. मुलाला ताप असतो, सासऱ्यांना डॉक्टरकडे न्यायचे असते, रात्री उशिरापर्यंत अमेरिकेच्या वेळेनुसार काम केल्यामुळे डोळे उघडत नसतात, किंवा त्या बैठकीत अपमान होणार हे माहीत असते. 'आज दोन तास जमणार नाही' असे सांगितले की प्रश्नांची सरबत्ती होते; 'नेट गेलंय' म्हटले की एकही प्रश्न येत नाही. जिथे खऱ्या कारणापेक्षा खोटे कारण सोपे पडते, तिथे भली माणसेही खोटे बोलायला शिकतात. ही सुट्टी दिली की लोक तिचा गैरफायदा घेतील, असा आक्षेप येईल. घेतील, पण दोन-तीन तासांपुरता, आणि तोही आधी कळवून. बैठकीच्या पाच मिनिटे आधी नाही. सांगून गेलेल्या माणसाची जागा भरता येते.

संशय आल्यावर काय करावे

एवढे करूनही एखाद्या माणसाचे बिघाड संपत नसतील, तर एका घटनेवरून निष्कर्ष काढू नका. सहा-आठ आठवड्यांच्या नोंदी समोर घ्या. खऱ्या बिघाडाच्या खुणा राहतात. व्हीपीएन केव्हा जोडले गेले आणि केव्हा तुटले हे कंपनीच्या नोंदीत दिसते. बैठकीच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची गुणवत्ता, गळालेला डेटा यांची नोंद व्यवस्थापकाला पाहता येते. ज्याचे नेट खरोखर खराब आहे त्याची जोडणी पुन्हा पुन्हा तुटते, पुन्हा जुळते. तो स्वतः हेल्पडेस्कच्या मागे लागतो, राउटर बदलून मागतो. खोट्या बिघाडात शक्यतो एकच स्वच्छ तुटणे असते, तिकीट नसते, आणि दुरुस्तीची घाई नसते. बिघाड नेमका साप्ताहिक आढाव्याच्या वेळी किंवा शुक्रवारी दुपारनंतर होत असेल, तर विचारायला हवे.

पण इथेच सावध राहायचे आहे, कारण ठरावीक वेळ हा पुरावा नव्हे. खरे बिघाडही वेळापत्रक पाळतात. देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची तर ती आधी ठरवलेल्या दिवशी ठेवली जाते. संध्याकाळी सगळी इमारत सिनेमे पाहू लागली की स्थानिक केबलवाल्याच्या नेटचा वेग रोज त्याच वेळी पडतो, आणि अमेरिकी ग्राहकांसाठी संध्याकाळची शिफ्ट करणाऱ्याला त्याचाच फटका बसतो. म्हणून आकृतिबंध दिसला की आरोप करायचा नाही, चौकशी सुरू करायची. बोलणे एकांतात असावे, सगळ्यांसमोरच्या बैठकीत नाही, आणि ते नोंदींपासून सुरू व्हावे. उदाहरणार्थ: 'मागच्या दोन महिन्यांत सोमवारच्या आढाव्याला चारदा व्हीपीएन तुटल्याचं दिसतंय. पुढच्या सोमवारी आयटीचा एक जण आधीपासून तुमच्याबरोबर लाईनवर राहील. आणि त्या मीटिंगचीच काही अडचण असेल तर तीही सांगा.' यात 'तुम्ही खोटं बोलताय' असे कुठेही नाही. खरा बिघाड असेल तर तो सापडेल, दुसरी अडचण असेल तर तिला तोंड फुटेल, आणि लबाडी असेल तर ती पुढे चालवणे अवघड होईल.

त्यानंतरही खोटेपणा सिद्ध झाला तर डोळेझाक करू नये. एवढ्याशा गोष्टीवरून काय, हा युक्तिवाद सहृदय वाटतो, पण त्याची किंमत त्याच टीममधला दुसरा कुणी मोजत असतो. एकाने टाळलेले वीस कॉल दुसऱ्याच्या रांगेत जातात. त्याहून वाईट म्हणजे, दोन खोटे बिघाड पकडले गेले की तिसऱ्याच्या खऱ्या बिघाडावर कुणी विश्वास ठेवत नाही. उलवे किंवा कामोठ्याच्या नव्या इमारतीत, जिथे नेटची सोय मुळात अपुरी आहे, तिथे राहणारा प्रामाणिक माणूस त्यात भरडला जातो. तेव्हा लेखी विचारणा करा, उत्तर द्यायला वेळ द्या, म्हणणे ऐकून घ्या आणि चूक पाहून ताकीद, घरून कामाची सवलत काही काळ काढून घेणे किंवा पुढची कारवाई असा क्रम ठेवा. जानेवारी २०२३मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने घरून काम करणाऱ्या एका हिशेबनीस महिलेला, न केलेल्या ५० हून अधिक तासांच्या कामापोटी कंपनीला पैसे परत करायला लावले. तिथे निर्णय झाला तो कामाच्या वेळेच्या नोंदी आणि प्रत्यक्ष उघडलेल्या फायली यांचा मेळ बसला नाही म्हणून. टीम लीडला वाटलेला संशय तिथे पुरावा म्हणून उभा राहिला नसता.

मग पाळतच का ठेवू नये?

याच उदाहरणावर कुणी म्हणेल, की तिथेही वेळ मोजणारे सॉफ्टवेअरच उपयोगी पडले. बरोबर आहे, कंपनीच्या लॅपटॉपवर कोणत्या कामाला किती वेळ गेला याची उघड, सांगून ठेवलेली नोंद ठेवण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो माउस हलतो का, कॅमेऱ्यासमोर चेहरा आहे का, दर पाच मिनिटांनी स्क्रीनचे चित्र, अशा पाळतीला. पहिले कारण व्यवहाराचे आहे. माउस हलतो का हे मोजले की लोक माउस हलवणारे यंत्र आणतात. २०२४मध्ये अमेरिकेच्या वेल्स फार्गो बँकेने डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना कीबोर्डवर काम चालू असल्याचा आभास निर्माण केल्याच्या कारणावरून काढून टाकले. त्यांना पकडले हे खरे, पण पाळतीतून कामाऐवजी कामाचे नाटक वाढते हेही त्यातून दिसते. शिवाय अर्धा तास कागदावर आकडेमोड करून एक अवघड चूक शोधणारा हिशेबनीस अशा यंत्राच्या लेखी आळशी ठरतो.

दुसरे कारण विश्वासाचे. मायक्रोसॉफ्टच्या २०२२च्या पाहणीत ८७ टक्के कर्मचाऱ्यांनी आपण कामात उत्पादक असल्याचे सांगितले, तर आपली माणसे उत्पादक आहेत असा पूर्ण विश्वास फक्त १२ टक्के वरिष्ठांना होता. ही दरी कॅमेऱ्याने भरत नाही, कारण कॅमेरा हजेरी दाखवतो, काम दाखवत नाही. देणग्यांच्या कॉल सेंटरच्या प्रयोगातला निष्कर्ष इथे पुन्हा लागू पडतो: वागणूक अन्यायाची वाटली की मधला गट तिसऱ्या गटाकडे सरकतो. एकाच्या लबाडीसाठी वीस जणांच्या घरात कॅमेरा लावणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

तिसरे कारण कायद्याचे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर आलेल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने नोकरीच्या कारणासाठी आणि नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरण्याची मुभा मालकाला दिली आहे, ही गोष्ट खरी. पण माहिती गोळा केली की ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारीही येते, आणि घरातल्या कॅमेऱ्यात कर्मचाऱ्याबरोबर त्याची आई आणि मुलेही येतात. ती तुमच्या नोकरीत नाहीत. नेदरलँड्समधल्या एका न्यायालयाने २०२२मध्ये दिवसभर वेबकॅम चालू ठेवायला नकार दिल्याबद्दल एका कर्मचाऱ्याला काढणाऱ्या अमेरिकी कंपनीला सुमारे ७५ हजार युरो भरायला लावले. तो निकाल आपल्याकडे लागू नाही, पण पाळतीचा खर्च सॉफ्टवेअरच्या वर्गणीत संपत नाही हे त्यातून कळावे.

उरला शेवटचा आक्षेप: सगळ्यांना कार्यालयातच बोलवा, प्रश्नच मिटेल. ऑक्टोबर २०२३पासून टीसीएसने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात यायला सांगितले, आणि तसे ठरवण्याचा अधिकार कंपनीला आहेच. नव्या माणसाला शिकवण्यासाठी एकत्र बसणे उपयोगी, हे चेन्नईच्या अभ्यासातूनही दिसते. पण खोट्या बिघाडावरचा उपाय म्हणून हा निर्णय घेत असाल तर तो फसेल. 'सिस्टीम स्लो आहे', 'प्रिंटर चालत नाही' ही कारणे कार्यालयातली आहेत आणि लॅपटॉपच्या आधीपासून चालत आली आहेत. तिकीट, पर्यायी काम आणि कामाचे मोजमाप नसेल तर माणूस महाप्यात बसूनही तेच करेल. फक्त त्याआधी पनवेलहून किंवा बदलापूरहून दीड तास प्रवास करून दमलेला असेल. मधली वाट आहे. सीट्रिपच्या, म्हणजे आताच्या ट्रिप डॉट कॉमच्या, १,६१२ कर्मचाऱ्यांवरचा ब्लूम यांचाच दुसरा अभ्यास २०२४मध्ये 'नेचर'मध्ये आला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्याने कामगिरीत फरक पडला नाही, राजीनामे मात्र सुमारे एक तृतीयांशाने घटले. अवघड बैठका, शिकवणे आणि आढावे कार्यालयाच्या दिवशी ठेवले की खोट्या बिघाडाची मुख्य वेळच निघून जाते.

घरून काम करणाऱ्यांसाठी दोन शब्द

कंपनीने यातले काहीही केले नाही, तरी तुम्ही स्वतःपुरती नोंद ठेवू शकता. प्रत्येक बिघाडाची वेळ, तक्रार क्रमांक आणि केलेला पर्यायी उपाय यांची एक साधी वही किंवा फाईल करा. उद्या संशय आला तर ती तुमची साक्षीदार असेल. राउटरचा दोष वारंवार येत असेल तर तो लेखी कळवा, कारण तोंडी सांगितलेला बिघाड दोन महिन्यांनी कुणाला आठवत नाही. आणि थकव्याचे कारण थकवा म्हणून सांगायला शिका. रात्री अकराच्या बैठका आणि सुट्टीतले फोन हा खरा त्रास आहे. कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क मिळावा म्हणून बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते, त्याचा कायदा झालेला नाही. त्यामुळे ही मागणी आज तरी प्रत्येक टीममध्ये बोलूनच पुढे न्यावी लागते. 'नेट गेलंय' म्हणून एक बैठक टळते, पण रात्री अकराची वेळ बदलत नाही. ती बदलायची असेल तर ती गैरसोयीची आहे हे कुणाला तरी स्पष्ट सांगावेच लागेल.

टीम लीडने आणि मालकाने या आठवड्यात एवढेच करावे: बिघाड कळवण्याची रीत, पर्यायी सोय, वेळेचा हिशेब आणि कारण न विचारता मिळणारे दोन-तीन तास, या चार गोष्टी एका पानावर लिहून टीमसमोर ठेवाव्यात, त्यांच्या सूचना घ्याव्यात आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून लागू कराव्यात. त्या पानावर पहिली सही स्वतःची करावी, आणि पहिला बिघाड स्वतःचा झाला तर तोही त्याच रीतीने नोंदवावा.